बंबाच्या शेडमधली कण्हेर

मी कण्हेर बोलतेय. तुमच्याकडे माझ्या बहिणी देवळामागे, रस्त्याकडेला उन्हात खुशाल वाढतात. माझा जन्म मात्र ऑस्ट्रियातल्या एका डोंगरी गावात, लाकडी पिंपात गेला. इथला कडाका माझ्या मुळांना सोसत नाही.

बुर्गी आजींनी लग्नात माहेराहून आणलेल्या काडीपासून मला वाढवलं. हिवाळ्यात माझा मुक्काम गोठ्याच्या खिडकीपाशी असायचा. गाईंच्या श्वासानं तिथे पाणी गोठत नसे, आणि फार ऊबही नसे. मला तेवढंच लागतं. जास्त ऊब मिळाली की माझ्या पानांना कीड धरते.

यंदा आजींचे गुडघे थकले, गाई विकल्या गेल्या. रिकाम्या गोठ्यात मी जगणार नव्हते.

“दिवाणखान्यात ठेवा की, शेगडीशेजारी,” शेजारचा ऑटमार म्हणाला. गावच्या आगीच्या बंबावरच्या पथकाचा तो प्रमुख.

“तुझ्या आईनं तिचं झाड असंच मारलं. लाडानं.”

“मग नवीन आणा, आजी.”

“हो का? तुझे गुडघे गेले की तुझ्या बायकोलाही हेच सांगते!”

ऑटमार हसला, डोकं खाजवत गेला. दुसऱ्या दिवशी पथकातले चार गडी घेऊन आला. बंबातलं पाणी गोठू नये म्हणून त्यांची शेड जेमतेम उबदार ठेवतात, आणि दारांना मोठ्या काचा आहेत. पिंपाखाली दांडे घालून त्यांनी मला पालखीसारखं उचलून तिकडे नेलं.

“आजी, काय जड आहे हो ही!”

“जन्मभर खाऊपिऊ घातलंय. हळू रे, फांदी मोडशील!”

जानेवारीत भोंगा वाजला. सगळे धावत आले, बंब निघाला, आणि घाईत दार सताड उघडं राहिलं. बोचरा वारा आत घुसला. माझी पानं आखडली. तेवढ्यात समोरच्या घरातून काठी टेकत, बर्फ तुडवत आजी आल्या. अंगाचा जोर लावून त्यांनी दार ओढलं.

परतल्यावर ऑटमार ओरडलाच, “आजी, तुम्ही पडला असतात तर?”

“तुम्ही आग विझवा. दार मी बघते.”

 आता गड्यांच्या कोटांच्या रांगेत एका खुंटीवर आजींचं नाव आहे. तिथे त्यांच्या मापाचा कोट लटकतो, आणि शेडपर्यंतची वाट रोज कुणीतरी झाडून ठेवतं. मला या माणसांचं फार कौतुक वाटतं.

मेच्या मध्यावर ‘थंड सोफी’चा, म्हणजे इथे कडाक्याचा शेवटचा मानतात तो, दिवस सरला, की मी अंगणात जाईन, फुलेन. गावकऱ्यांनो, एकच मागणं आहे. मी गेल्यावरही ती खुंटी आजींचीच राहू द्या.