मोदकाची तोंडी परीक्षा

मुलगी बघायला आलेल्यांना सगळं पुणं पोहे देतं. सदाशिव पेठेतल्या आमच्या देवधर सरांकडे मात्र मुलालाच बघतात आणि त्याला उकडीचा मोदक देतात, तोही थेट मोदकपात्रातून. सर माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले; परीक्षा घ्यायची खोड काही निवृत्त झाली नाही.

प्रश्न एकच: मोदक हाताला कोमट लागतो, मग सारण जीभ का भाजतं? पहिल्या मुलाने मोदकावर फुंकर घातली. फुंकरीने वरची पारी निवते, सारण नाही, असं सांगून सरांनी त्याला नापास केलं. दुसऱ्याने अख्खा मोदक तोंडात टाकला, तो पुन्हा फिरकलाच नाही.

तिसरा संतोष. यवतमाळचा, सरांची मुलगी पूर्वा हिच्याच ऑफिसातला. माझ्या भाचीने त्याला कधीच पसंत केलं होतं, पण बाबांच्या होकाराशिवाय ती पुढे जाणार नव्हती. एवढ्या शिकलेल्या पोरीचं लग्न गूळखोबऱ्यावर अडावं, याचा मला मनापासून संताप आला.

सरांनी उष्माधारकतेची व्याख्या विचारली. संतोषने आठवत नाही असं सरळ सांगितलं, मोदक फोडला, वर तूप घातलं आणि निवांत खायला लागला.

"आठवत नाही," सर म्हणाले. "छान. आणि संसार करणार."

मग त्यांनी तासच घेतला. पारी पातळ, तिला तापायला उष्णता थोडी लागते, ती गेली की पारी लगेच निवते. सारण जड, तितकंच तापायला त्याला कितीतरी जास्त उष्णता लागते आणि निवताना तेवढी सगळी बाहेर टाकावी लागते. हीच उष्माधारकता. पारी बोटांना कशी कोमट लागते ते दाखवायला त्यांनी मोदक उचलला आणि बोलण्याच्या भरात अख्खा तोंडात टाकला.

चारचौघांत घास बाहेर काढणं सरांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

ताई संधी सोडणारी नव्हे. "अहो, मुलगा पसंत नसेल तर आत्ताच नाही म्हणा," ती म्हणाली.

सरांचं तोंड मोदकाने बंद होतं. संतोषने गार पाण्याचा पेला पुढे केला.

"घ्या काका. पाण्याची उष्माधारकता जास्त असते, एवढं आठवलं बघा."

सरांनी घाईघाईने एक बोट वर केलं. उष्माधारकतेच्या आधीचा "विशिष्ट" हा शब्द राहिला, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मी त्यांचा जुना विद्यार्थी, मला कळलं. पण मी गप्प बसलो. ताईने त्या बोटाचा अर्थ होकार असा घेतला आणि साखर वाटायला उठली.