चंपाने नमस्कार का केला? गुण पाच

सूचना : सगळे प्रश्न सोडवलेच पाहिजेत असं नाही. मीही सोडवलेले नाहीत.

प्रश्न १. पात्रांची ओळख करून द्या.

चंपा ही आमची म्हैस. पप्पा, म्हणजे जयसिंग, तिला दिवसातून दोनदा दूध कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढायचे. मी अनुजा, सहावी ब. दीक्षाबाई माझ्या वर्गशिक्षिका, राहायला शुक्रवार पेठेत आमच्याच गल्लीच्या टोकाला. २००५ साली दिवाळी आणि महापालिकेची निवडणूक हातात हात घालून आल्या आणि बाईंचा भाऊ प्रसेनजीत आमच्या वॉर्डात उभा राहिला. त्याचं चिन्ह शिट्टी. त्याच्या विरोधात पप्पांच्या गटाचे हंबीरराव, चिन्ह कपबशी. आमच्याकडे माणसाला गट आधी असतो, आडनाव नंतर.

प्रश्न २. खालील गृहपाठ वाचा.

'तुमच्या घरचे ज्याला मत देणार नाहीत, त्याच्या बाजूने तीन मुद्दे लिहा. कारणांसह. पालकांची सही आवश्यक. गुण दहा.'

खाली बाईंनी फळ्यावर स्वतःचा गृहपाठ स्वतःच करून टाकला होता. माझ्या घरचं मत शिट्टीला, म्हणून मी कपबशीचे तीन लिहिते, असं म्हणून त्यांनी हंबीररावांचे तीन गुण लिहिले. वर्गात शिट्टीवाल्यांची चार पोरं होती, त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

प्रश्न ३. कोण कोणास म्हणाले?

"पप्पा, शिट्टीचे तीन चांगले मुद्दे सांगा की."

(मी पप्पांना. पप्पांच्या हातातली बादली कलंडता कलंडता राहिली.)

"कशाला?"

"गृहपाठ हाय. बाईंनी दिलाय."

"म्हंजे मास्तरीण आता वर्गातच प्रचार कराय लागली व्हय?"

"न्हाय. त्यांनी कपबशीचे तीन लिहिले फळ्यावर."

"कुठलं तीन?"

"नळाला पाणी वेळेवर आणलं. रोज सकाळी गल्लीत स्वतः फिरतात. आणि कुणी शिव्या घातल्या तरी चिडत नाहीत."

पप्पांनी जरा विचार केला. "चौथा ऱ्हायला की. तालमीला छप्पर घातलं."

"सांगते बाईंना. आता शिट्टीचे?"

"काय न्हाय त्येचं. भोपळा."

"पुरात काहिलीतनं आलता की."

पप्पा चंपापुढं वैरण सारू लागले.  जुलैत पंचगंगा गल्लीत शिरली तेव्हा प्रसेनजीत गूळ करायच्या मोठ्या काहिलीत बसून, फळीने वल्हवत आमच्या गोठ्यापर्यंत आला होता. चंपाचं दावं काहिलीला बांधून त्याने तिला पोहवत बाहेर काढलं होतं.

"ते येगळं," पप्पा शेवटी म्हणाले. "ती माणुसकी. राजकारण न्हवं."

"मग लिहू का?"

"न्हाय."

मी लिहिलं.

प्रश्न ४. परिणाम लिहा.

तालमीत कुणीतरी म्हणालं, "जयसिंग, तुझी पोरगी शिट्टी वाजवतीया म्हणं." पप्पा घरी आले ते चपला न काढताच.

"आजपासनं त्या बाईला नमस्ते न्हाय. त्येंच्या दारात पाय न्हाय."

"आणि शाळेत?"

"हजेरीपुरतं. आन् ऐक. पाडव्याला चंपा त्येंच्या दारात वाकली, तर दिवाळीनंतर तुझी तुकडी बदलून घेतो. सहावी अ."

सहावी अ मध्ये प्रश्नांची उत्तरं फळ्यावर आयती लिहून देत. सगळ्यांची सारखी. मला रात्रभर झोप लागली नाही असं लिहायला हवं, पण लागली. 

चंपाच्या वाकण्याचं सांगायला हवं. पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून गल्लोगल्ली फिरवतात. मी चंपाला शिकवलं होतं : मानेवर दोनदा थोपटलं की तिने पुढचे पाय दुमडून नमस्कार करायचा. बाईंचं घर बौद्ध, तिथं दिवाळी नसायची, कंदील नसायचा, पण पाडव्याला चंपासाठी गूळ-भाकरी ठरलेली. चंपा वाकायची, खायची, पुढं जायची.

प्रश्न ५. नमस्ते न म्हणता नमस्ते म्हणा. (तोंडी परीक्षा)

दुसऱ्या दिवशी गल्लीत बाई समोरून आल्या. मागून पप्पा बघत होते. बाईंच्या शेजारी विजेचा खांब होता. मी खांबापुढं हात जोडले. "नमस्ते."

बाई थांबल्या. त्यांनीही खांबाकडे वळून हात जोडले. "नमस्ते. गृहपाठाला सही राहिलीय म्हणावं."

पप्पांनी खांब एकदा खालपासून वरपर्यंत बघून घेतला. खांब कुठल्याच गटाचा नव्हता.

प्रश्न ६. आकृती काढा.

वगळला. चंपाच्या अंगावर पेंटरने कपबशी काढली होती. बशी नेमकी पोटावर आली, त्यामुळे तिने श्वास घेतला की चहा सांडेल असं वाटायचं. एवढं पुरे.

प्रश्न ७. पाडव्याचा प्रसंग तुमच्या शब्दांत लिहा.

पुढं हलगी. तिच्यामागं हंबीरराव, दोन्ही बाजूंना हात जोडत. मग मोरपिसं लावलेली, शिंगं रंगवलेली चंपा आणि दावं धरून पप्पा. मी सगळ्यात मागं, शेपटीजवळ. मुद्दामच तिथं ठेवलेली.

बाईंचं घर जवळ आलं. बाई दारात उभ्या, हातात ताटली. शेजारी प्रसेनजीत.

शेपटीपासून मानेपर्यंत माझी तीन पावलं. मी मनात मुद्दे मांडले. थोपटलं तर सहावी अ. नाही थोपटलं तर चंपा, ज्याने तिला पाण्यातून ओढून काढलं त्याच्या दारावरून अनोळखी म्हशीसारखी निघून जाणार. मी पहिलं पाऊल टाकलं.

तेवढ्यात चंपाचे पाय दुमडले.

कपबशी जमिनीला टेकली. हलगी थांबली. शिट्टीवाल्यांच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"जयसिंगराव," हंबीरराव मागं वळून म्हणाले, "ह्ये काय हो?"

"म्हशीची सवय हाय."

बाई पुढं आल्या, चंपाला गूळ-भाकरी भरवली. "चिन्ह झकास काढलंय. बशी जरा मोठी झाली."

प्रसेनजीत हसला. "जयसिंगदादा, या की आत. च्या घेऊन जावा."

"आता शिट्टीच्या घरात च्या प्यायचा व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं.

पप्पा त्याच्यावर उखडले. "मत मागाय नको? का नुसतं आपल्याच दारात नाचायचं?" मग बाईंकडे वळून, जमिनीकडे बघत, "बाई, मत कपबशीला द्यायचं."

"कारण?"

"तीन सांगू का चार?"

चारही सांगितले. उभ्या उभ्या, दहा मिनिटं. तालमीच्या छपराशी आल्यावर प्रसेनजीत म्हणाला, "हे मात्र खरं, दादा. ते काम चांगलं झालंय." हंबीरराव कधीच चिडत नसत, ते आत जाऊन चहा घेऊन बसलेही होते. चहा कपबशीतच आला. आमच्यातल्या दोघांनी तेवढ्यात टाळ्या वाजवून घेतल्या.

मत कुणाला देणार ते बाईंनी सांगितलं नाही. "विचार करते," म्हणाल्या.

प्रश्न ८. चंपाने नमस्कार का केला? (गुण ५)

घरी आल्यावर मी विचारलं, "पप्पा, माझी तुकडी?"

"म्हशीची चूक पोरीवर कशाला घालू?" पप्पा शिंगांवरची मोरपिसं काढत होते.

आता उत्तर. सवयीने? मग आदल्या चार दारांत, जिथं ती दरवर्षी वाकते, तिथं न वाकता तिने फक्त आपल्या गोठ्याकडे तोंड का केलं? गुळाच्या वासाने? गूळ सगळ्याच दारांत होता. मी? मी पहिल्याच पावलावर होते.

दावं पप्पांच्या डाव्या हातात होतं. उजवा हात चंपाच्या मानेवर होता. मागून दिसलं ते एवढंच.

उत्तराची जागा मी कोरी सोडली.

पालकांची सही :

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी गृहपाठाची वही माझ्या दप्तरावर ठेवलेली सापडली. काहिलीच्या मुद्द्याखाली, दुधाच्या वहीत लिहितात तसल्या तिरक्या अक्षरात :

'मुद्दा अपुरा हाय. काहिलीत चंपाचं रेडकू पन हुतं. ज. पाटील.'