तांदळात ठेवलेले चिकू

कुवेतला आल्याच्या अकराव्या दिवशी आईने परतीचं तिकीट मागितलं, तेव्हा रविकांतला "राहा" एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला, "बघतो." मग हवल्लीच्या बाजारात जाऊन चिकू घेऊन आला.

विचार साधा होता. आई घोलवडची. वडील गेल्यापासून चिकूच्या बागेतल्या घरात एकटी. त्याच्या खैतानमधल्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर तिला करमत नसेल, तर घोलवडच जरा लिफ्टने वर आणावं. चिकू छोटे होते, करड्या-तपकिरी सालीचे, खरखरीत. आणि दगडासारखे टणक.

आईने एक उचलला, अंगठ्याच्या नखाने साल खरवडली आणि क्षणभर लेकाकडे पाहिलं.

"कच्चे आहेत. तांदळात घालते. पिकले की मग जाईन."

चिकू पिकायला आठवडा पुरतो. तीन झाले. रविकांत कामावरून आला, की आई डब्यात हात घालून, वैद्याने नाडी पाहावी तशी फळं चाचपायची आणि सांगायची, "अजून नाही हं." शेजारच्या विशाखाताई लिफ्टमध्ये हलक्या आवाजात विचारू लागल्या, "कसं आहे आता चिकूंचं?" तोही गंभीरपणे "तसंच आहे" म्हणायचा. चौथ्या आठवड्यात त्या तांदळाच्या पुलावाला बडीशेपेचा वास यायला लागला. दोघांनी मुकाट्याने खाल्ला.

शेवटी त्याने हवल्लीच्या दुकानदाराला, नझीरला गाठलं.

"चिकू?" नझीर म्हणाला. "भाईसाब, वो तो सेब है. फ्रान्स का."

नाव फेनुइये ग्री. काही शतकं जुनी जात. रूप बेताचं, अंग रखरखीत, चवीला चक्क बडीशेप. ठेवावं तसं सुरकुततं, गोड होतं, आणि नीट जपलं तर मार्चपर्यंत टिकतं.

रविकांत गाडीत बसून राहिला. चिकूच्या गावात जन्मलेला माणूस इंजिनिअर होऊन कुठवर पोचू शकतो, ते त्याला कळलं. सांगितलं, तर आई तिकीट मागणार. न सांगावं, तर सत्तरीच्या बाईला आपण सफरचंदाचा चिकू करायला बसवलंय.

घरी येऊन त्याने सांगून टाकलं.

"चिकूला देठापाशी एवढा खड्डा असतो का रे?" आई म्हणाली. "चाळीस वर्षं बाग केलीय मी."

"मग पहिल्याच दिवशी बोलली का नाहीस?"

"तू बोललास? तिकीट मागितलं, तर म्हणे बघतो. राहा म्हणायला तोंड दुखत होतं?"

तिने एक फळ चिरलं, अर्धं त्याच्या हातात दिलं. दोघं उभ्या उभ्या खात राहिले. वरून अगदी सुकलेलं, आत गोड.

"किती टिकतं म्हणाला तो?"

"मार्चपर्यंत."

आईने डब्याला झाकण लावलं. रविकांत "बघतो" म्हणता म्हणता थांबला.

"राहा गं," तो म्हणाला.

"राहतेच आहे. त्याला विचार, याहून टिकाऊ जात मिळते का."