लाल रुमाल बांधलेले जॅकेट

मित्रांनो, मी एक जुने लाईफ जॅकेट आहे. लहान मुलांच्या मापाचे. रंग नारिंगी, म्हणजे एके काळी नारिंगी होता. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने तो आता पार उडाला आहे. मालवणच्या धक्क्यावरून समुद्रातल्या किल्ल्यावर माणसे नेणारी शिवाची होडी आहे, तिच्यात मी राहते.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. दोन कापडांच्या मध्ये फोम भरला, कडेने जाड शिवण मारली, पुढे काळी बकले लावली. मग एका बाईने माझा एकेक पट्टा जोरात ओढून पाहिला आणि मान डोलावली. माझी परीक्षा तेवढीच झाली.

सुरुवातीला माझा थाट काय विचारता! शिवा मला रोज गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळत घाली. पोर माझ्यात शिरले आणि बकल टक्कन बसले की आईबाप म्हणत, आता काळजी नाही. ते ऐकून मी फुगून जाई. पुढे दिवस फिरले. कोणी मला उशाला घेतले, कोणी ओल्या फळीवर बसायला घेतले. एका बाईने माझ्यावर आईस्क्रीम सांडले आणि माझ्याच दुसऱ्या बाजूने ते पुसले. पण आज मला रडगाणे गायचे नाही. एका संध्याकाळी मला सगळे कळत होते आणि सांगायला तोंड नव्हते, त्या संध्याकाळची गोष्ट सांगायची आहे.

मे महिन्याची सुट्टी होती. आरोंद्याहून एक कुटुंब आले होते. फॉस्टिन गोव्यात नोकरीला, आठवड्यातून एकदाच घरी येणारा. त्याची बायको एलिना आणि पाच वर्षांची मुलगी डेल्सी. तिघांनी मिळून कुठे जायचे, हे त्यांचे फार दिवसांचे ठरलेले होते. डेल्सीने धक्क्यावर विकत घेतलेली पिवळी टोपी घातली होती. तशी टोपी त्या दिवशी निम्म्या पोरांच्या डोक्यावर होती. म्हणून एलिनाने एक युक्ती केली. आपला लाल रुमाल काढला आणि माझ्या खांद्याच्या पट्ट्याला घट्ट बांधला. आता गर्दीतही पोरगी लांबून ओळखू येईल, असे ती फॉस्टिनला म्हणाली. रुमाल पोरीला बांधायचा तो तिने मला बांधला, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आले नाही.

किल्ल्यावर उतरताना आम्ही सगळी जॅकेटे होडीतच राहतो. माणसे तट, बुरूज, देऊळ, गोड्या पाण्याच्या विहिरी बघून येतात आणि परतताना ढिगातले जे हाती लागेल ते अंगात चढवतात. त्या दिवशी ऊन कलले तसा वारा वाढला. ओहोटी लागली होती. किल्ल्याच्या तोंडाशी खडक आहेत, पाणी उतरले की होडी त्यांच्यावर बसते. शिवाने घाई केली. अशा लाटेत आमच्याकडे आधी मुले चढवतात. धक्क्यावरचा माणूस उचलतो, होडीतला झेलतो, पोर हातोहात आत येते आणि पुढच्या फळीवर बसते. बायका मधे, पुरुष मागे. असे केले की होडी समतोल राहते.

शिवाने मला उचलले आणि समोर आलेल्या एका पोराला घातले. पिवळी टोपी, अंगठा तोंडात. तो समर्थ होता, वैभववाडीच्या चंदनचा मुलगा. डेल्सी नव्हती.

नेहमीप्रमाणे शिवाने विचारले, सगळे इले? ज्याने त्याने आपापल्या घरचे उत्तर द्यायचे, अशी आमच्याकडची रीत. मागून फॉस्टिननेही हात वर करून होकार दिला. डेल्सीला आईच्या दिशेने पळताना त्याने पाहिले होते. एलिनाला वाटत होते, दाराशी आपला हात सोडवून गेलेली पोर बापाबरोबर आहे. दोघांनीही पुढे नजर टाकली आणि लाल रुमाल दिसला. दोघेही निर्धास्त झाले.

होडी सुटली. मित्रांनो, माझा जीव कसा तुटत होता म्हणून सांगू! समर्थच्या छातीची धडधड मला लागत होती आणि मला दुसऱ्या छातीची आठवण होत होती. मी पट्टे सैल सोडून पाहिले, पण बकल हटेना.

मध्यावर एलिनाने हाक मारली, "डेल्सी, माज्याकडे बघ गो."

समर्थ कशाला बघतो? तो लाटा बघण्यात गुंग होता. एलिना शेजारच्या बाईला म्हणाली, "मी ओरडलंय म्हणान रुसली आसा." मग तिने सगळे सांगितले. विहिरीत कासव आहे असे कोणीतरी डेल्सीला सांगितले होते. ते दिसेपर्यंत ती हलायला तयार नव्हती, आणि होडी चुकेल म्हणून एलिनाने तिला ओढत आणले होते. ऐकता ऐकता मला कळून चुकले, पोरगी कुठे गेली असेल ते.

मालवणचा धक्का आला. चंदन पुढे झाला, त्याने मुलाला उचलले, माझी बकले काढली. वाऱ्याने टोपी उडाली आणि तेल चोपडलेले, बारीक कापलेले केस दिसले. एलिना बघतच राहिली. ती ओरडली नाही. अगदी हळू आवाजात तिने विचारले, "फॉस्टिन, डेल्सी खंय?"

"तुझ्याबरोबर नाय?" फॉस्टिन म्हणाला.

शिवाने इंजिन बंद केलेच नव्हते. धक्क्यावरचे लोक त्याला अडवू लागले. पाणी गेले आहे, खडकावर बसशील, पोलिसांना कळवू, कोणी काही, कोणी काही. शिवाने दोरी सोडली.

"बसांदे," तो म्हणाला. "त्यांचा चेडू थंय रवला."

जाताना होडीत शिवा, फॉस्टिन, एलिना आणि मी. एलिनाने मला छातीशी आवळून धरले होते. तिची नखे माझ्या कापडात रुतत होती. खडकांजवळ होडीचा तळ घासला, तो आवाज माझ्या शिवणीतून गेला. शिवाने इंजिन वर घेतले आणि बांबूने रेटत रेटत होडी आत घातली. फॉस्टिन कमरेएवढ्या पाण्यात उडी मारून धावला.

इतकी वर्षे मी किल्ल्याच्या दाराशी येत होते, पण आत कधी गेले नव्हते. ते पडके तट, ती ओस जोती, गवतात बुडालेल्या पायऱ्या मी एलिनाच्या कवेतून पाहिल्या. एरवी मला किती आनंद झाला असता! पण तिला काहीच दिसत नव्हते. ती फक्त हाका मारत होती आणि दर हाकेनंतर श्वास धरून थांबत होती. उत्तरादाखल नुसता वारा येई.

विहिरीशी पोचलो. एलिनाने कठड्यावरून वाकून पाहिले. मीही पाहिले. खाली काळ्या पाण्यावर एक छोटी गुलाबी चप्पल तरंगत होती.

एलिनाने मला आत फेकले. मी पाण्यावर आपटले आणि तरंगू लागले. तरंगणे हेच माझे काम, पण त्या क्षणी माझ्यात कोणी नव्हते. फॉस्टिन उडी घ्यायला निघाला. त्याला पोहता येत नाही, असे एलिना ओरडली तेव्हा शिवाने त्याला मागे खेचले आणि स्वतः उडी घेतली. तो खाली गेला. बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा हात रिकामे होते. माझ्यावर भार टाकून त्याने दम घेतला आणि पुन्हा बुडी मारली. वरून एलिनाचा आवाज येत होता. ती देवाचे नाव घेत होती की पोरीचे, मला कळले नाही.

शिवा दुसऱ्यांदा वर आला, तेवढ्यात कठड्यापलीकडून कोणीतरी म्हणाले, "मम्मी, चप्पल पडली माझी."

डेल्सी होती. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. तिच्याबरोबर राधाबाई होती, किल्ल्यातच घर असलेली. तिने पोरीचा हात मनगटाशी धरला होता.

"चेडू बावीत वाकान बघी होता," राधाबाई म्हणाली. "मी हात धरलंय, तो अजून सोडूक नाय."

पोरीला घेऊन ती दाराशी धावली होती, पण तोवर होडी लांब गेली होती. तिने हाका मारल्या, त्या वाऱ्यात विरल्या. मग डेल्सीला घरी नेऊन ती धक्क्यावर फोन लावत बसली, तर तो लागत नव्हता. तेवढ्यात विहिरीकडून आरडाओरडा ऐकू आला.

एलिना खाली बसली आणि तिने पोरीला मिठीत घेतले. फॉस्टिन दोघींना धरून हुंदके देत रडला. कोणी कोणाला दोष दिला नाही. शिवाने मला पाण्यातून वर काढले, तेव्हा माझ्यातून धो धो पाणी गळत होते. मला हलके वाटत होते, इतके हलके मी पाण्यावरही कधी नव्हते.

परतताना एलिनाने मी ओलेचिंब असतानाच मला डेल्सीला घातले. बकल लावले, पट्टा ओढून पाहिला. मग तिचा हात पकडला तो मालवण येईपर्यंत सोडला नाही. आता शिवा होडी सोडण्याआधी एकेका पोराच्या टोपीखाली वाकून बघतो आणि नाव विचारतो. लोक हसतात, उशीर होतो म्हणून कुरकुरतात. तो ऐकत नाही.

मित्रांनो, मला सावलीत वाळवा, माझ्यावर बसू नका, बकल तुटले तर लपवू नका. एवढे केलेत तर पाण्यात मी तुम्हाला बुडू देणार नाही. पण मला हात नाहीत, हाक मारायला तोंड नाही. तुमच्या आईबाबांना माझा एक निरोप सांगा. मला बघून निर्धास्त होऊ नका. माझ्यातून वर आलेले तोंड कोणाचे आहे, ते बघा.