तोंडपाठ झालेला तक्ता

मित्रांनो, मला कोणी दोन्ही डोळ्यांनी पाहत नाही. आधी डावा झाकतात, मग उजवा. वाहन परवाना कार्यालयातल्या सात नंबरच्या खोलीत टांगलेला मी एक जुना अक्षरतक्ता आहे. वर एकच भले मोठे अक्षर, खाली उतरत जाल तशी अक्षरे बारीक, आणि शेवटच्या ओळीत पाच अक्षरे: ग, प, ट, न, स. फरशीवर आखलेल्या रेघेवर उभे राहून ती वाचता आली, की माणूस गाडी शिकायला लायक ठरतो.

माझा जन्म छापखान्यात झाला. जाड पुठ्ठा, काळी शाई, वर-खाली लाकडी पट्ट्या आणि टांगायला सुतळी. आमची शंभर भावंडे एकाच गठ्ठ्यातून निघाली. एखाद्याने मोठ्या दवाखान्यात नशीब काढले असेल. माझ्या वाट्याला ही खोली आली. सुरुवातीला माझा थाट होता. शिपाई रोज फडक्याने पुसायचा. पुढे कार्यालयात संगणक आले आणि सगळे कौतुक तिकडे गेले. माझा खिळा गंजला, मी पिवळा पडलो. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. काम सुटले नव्हते.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही. रांगेतल्या लोकांसाठी बाकडे ठेवले होते ते नेमके याच खोलीत. पुढचा वाचतो आणि मागचे बसल्या बसल्या ऐकतात. सकाळी आलेला माणूस दुपारपर्यंत माझी शेवटची ओळ पन्नास वेळा ऐकायचा. मग नंबर आला की पाढे म्हणावेत तशी घडाघडा म्हणून मोकळा. मला अक्षरे आहेत, पण तोंड नाही.

तपासणी करणाऱ्या बाई छडीने अक्षर दाखवत, म्हणून सगळे त्यांना छडीवाल्या बाई म्हणत. स्वभावाने कडक, पण मनाने वाईट नाहीत. एका संध्याकाळी शिपाई कपाट सरकवत होता. कपाटाच्या कडीत माझा खालचा कोपरा अडकला आणि टर्रकन फाटला. शेवटचे 'स' त्या तुकड्याबरोबर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी ते पाहिले, कपाळाला आठी घातली, नवा तक्ता मिळावा म्हणून अर्ज लिहिला आणि पहिला नंबर पुकारला.

पहिला नंबर पाववाल्याच्या मुलीचा होता. तिला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. रस्त्यावरच्या खुणांच्या परीक्षेत तिने एकही चूक केली नव्हती. शिकाऊ परवाना हाती आला, की ती वडिलांची पावाची व्हॅन शिकणार होती. दिवे लागले की डोळ्यांवर चकाकी येते म्हणून वडिलांनी संध्याकाळची फेरी सोडली होती, आणि ती फेरी पुढे मुलीने धरायची असे घरात ठरले होते. पावाने भरलेली व्हॅन बाहेर लावून वडील कागदांची फाईल घेऊन दारात उभे होते.

"डावा डोळा झाक. शेवटची ओळ वाच."

"ग, प, ट, न, स," मुलगी एका दमात म्हणाली.

बाईंची छडी थांबली. "शेवटचं पुन्हा सांग बरं."

"स."

"नीट बघ."

"स-च आहे की, मॅडम."

बाई उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि फाटलेल्या जागी त्यांनी बोट ठेवले. "इथे भिंत आहे, बाळ. अक्षर कालच गेलं."

मुलीचा चेहरा खर्रकन उतरला.

"पाठ करून आलीस. कोणी शिकवलं?"

तिने दाराकडे पाहिले. वडीलच पुढे झाले. "तिला बोलू नका. मीच पाठ करून घेतलं. सगळेच करतात हो. माझ्या वेळीसुद्धा मी असंच..." आणि त्यांनी जीभ चावली.

"या," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हीही रेघेवर उभे राहा."

बाईंनी मधल्याच एका अक्षरावर छडी ठेवली. वडील डोळे बारीक करून पाहत राहिले. अक्षराचे जाऊ द्या, छडीचे टोक कुठे आहे हेच त्यांना दिसेना.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे चकाकी नव्हती?"

"तुझे डोळे माझ्यावर गेलेत, हे मला ठाऊक होतं," वडील म्हणाले. "वाटलं, चष्म्याचं निघालं तर तुला गाडीच देणार नाहीत."

"चष्मा लावला की देतात," बाई म्हणाल्या. "खोटं वाचलं की देत नाहीत."

त्यांनी मुलीच्या अर्जावर लाल शेरा मारला. वडिलांना म्हणाल्या, "व्हॅन आज हलवायची नाही." मुलीने वडिलांच्या हातातून किल्ली काढून घेतली. थोड्या वेळाने खिडकीतून मला ती दोघे दिसली. पावाचे ट्रे डोक्यावर घेऊन पायी निघाली होती. मला त्यांची दया आली, आणि लाजही वाटली. इतकी वर्षे मी लोकांचे डोळे तपासत नव्हतो, त्यांचे पाठांतर ऐकत होतो.

बारा दिवसांनी दोघे परत आले. दोघांच्या नाकावर नवे चष्मे होते. मुलगी रेघेवर उभी राहिली. "ग, प, ट, न," ती म्हणाली. "पुढे काही नाही. फाटलंय." बाईंनी शिक्का मारला. शिकाऊ परवाना मुलीने दोन्ही हातांत धरला.

वडील मात्र हलले नाहीत. कोणी सांगितले नव्हते तरी ते रेघेवर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहू लागले.

"सव्वीस वर्षं ही ओळ मला पाठ आहे, मॅडम," ते म्हणाले. "पण दिसली ती आज." मग त्यांना काहीतरी सुचले असावे. "शाळेसमोरून जातो हो मी रोज," एवढेच ते बोलले आणि बाकड्यावर बसले.

बाईंनी त्याच दुपारी बाकडे उचलून बाहेर ठेवायला लावले. नवा तक्ता मात्र अजून आलेला नाही.

मित्रांनो, सव्वीस वर्षांत त्या व्हॅनखाली कोणी आले नाही. त्यात माझा काही पराक्रम नाही, पाववाल्याचाही नाही. नशीब म्हणायचे आणि गप्प बसायचे. तुमचाही नंबर एक दिवस येईल. रेघेवर उभे राहाल तेव्हा मला पाठ करून येऊ नका. अक्षर दिसले नाही, तर 'दिसत नाही' असे म्हणा. त्याने परवाना बारा दिवस लांबतो, इतकेच.