चार तारांतला गंधार

प

नाव: निकिता.
वय: पंधरा.
घरात कोणी गातं का: न्हाई.
संगीत का शिकायचं आहे:

शेवटची जागा कोरी. हेलन मॅडमनी तो फॉर्म पुन्हा काढून समोर ठेवला होता, कारण पारखायचा ठरलेला महिना संपला होता.

शिर्डीतल्या हारफुलांच्या दुकानांवर, लॉजमध्ये, प्रसादाच्या गाड्यांवर राबणाऱ्या घरांतली सोळा मुलं. शाळेची एक पत्र्याची खोली. बुधवार आणि शनिवार, दुपारी दोन ते चार. फी नाही. मॅडम नगरहून एसटीने येत. जागा बाराच होत्या. तिघांनी आपणहून येणं सोडलं होतं. आज आणखी एकाला जा म्हणायचं होतं, आणि कोणाला ते सगळ्यांना माहीत होतं.

निकिताचा आवाज फाटका होता. पाच वर्षं ती आत्याच्या दुकानापुढे उभी राहून गिऱ्हाइकांना हाका मारत होती. शेजारी बसणारा पार्थ म्हणायचा, "हिचा सा म्हंजी हार घ्या हार." सगळे हसायचे. तीही हसायची.

आत्याने, कडूबाईने, बजावलं होतं. मॅडमनी ठेवली तर ठेवली. नाही तर शनिवारपासून दुपारीही दुकान.

निकिताला राहायचं होतं. का, ते तिला आताही लिहिता आलं नसतं.

सा

त्या दिवशी तंबोरा आला. आतापर्यंत मॅडम मोबाईलवर सूर लावायच्या. हा मात्र खरा, मॅडमच्या वडिलांचा. कृपादान मास्तर देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, कीर्तन करायचे तेव्हाचा. गोधडीत गुंडाळून तो एसटीच्या सीटवर बसून आला होता. कंडक्टरने विचारलं होतं, ह्या बाईंचं तिकीट कुठंय. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मुलं हसली. मग गोधडी सुटली आणि हसू थांबलं. एवढा मोठा भोपळा पार्थने बाजारातसुद्धा पाहिला नव्हता.

मॅडमनी एकेक तार दाखवली. पहिली प. मधल्या दोन सा, जुळ्या. शेवटची जाड, खालचा सा, तिला खर्ज म्हणायचं. चार तारा, दोनच सूर. बास.

सा

त्या दिवशी तंबोरा आला, पण बोलेना. तारा लावल्या तरी आवाज पत्र्यावर चमचा मारल्यासारखा. भोपळ्यावरच्या तबकडीवर हाडाची एक पट्टी असते, तिला घोडी म्हणतात. तार त्या घोडीवरून जाते, आणि तारेच्या खाली बारीकसा दोरा सरकवावा लागतो. केसभर पुढे, केसभर मागे. बरोबर जागी बसला की तार उमलते. ते चारही दोरे एसटीच्या धक्क्यांत कुठेतरी गळून गेले होते.

मॅडमनी विचारलं, कुणाकडे दोरा आहे का.

निकिताकडे नसेल तर कोणाकडे. ओढणीच्या गाठीतून तिने रीळ काढलं. तेवढ्यात मॅडमना फोन आला, त्या व्हरांड्यात गेल्या. जाताना म्हणाल्या, चार तुकडे करून ठेव.

तिने चार तुकडे केले. चारही तोंडात धरून ओले केले. दोरा ओला केल्याशिवाय हाताळायचा नाही, गाठ सुटते, हे तिला सहाव्या वर्षी शिकवलं होतं. मग मॅडमनी सांगितलं होतं तसं तिने ते तारांखाली सरकवले. ओलेगच्च.

मॅडमनी येऊन तार छेडली. काहीच नाही. जणू कोणीतरी तंबोऱ्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

"ओले केलेस?"

"हारात करतो ना."

पार्थ हसला. मॅडम हसल्या नाहीत. फॉर्मकडे त्यांची नजर गेली, ती निकिताने पाहिली.

"तूच बस," मॅडम म्हणाल्या. "वाळेपर्यंत छेडत राहा. प, सा, सा, खर्ज. थांबायचं नाही."

खर्ज

बसली. एप्रिल. वर पत्रा तापलेला.

प. सा. सा. खर्ज.
मुकं.
प. सा. सा. खर्ज.
मुकं.

बाकीची मुलं सारेगमचे अलंकार म्हणत होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं, ते बरं होतं. पाच मिनिटांनी पहिली तार जराशी कुरकुरली. निकिताने डाव्या हाताच्या नखाने तिचा दोरा सरकवला, मोगऱ्याची कळी सरकवतात तेवढाच. तारेला धार आली. मग दुसरी. तिसरी दुसरीला जाऊन मिळाली, दोन्हींतली फट बुजली. पत्र्याच्या झळीत दोरा वाळत होता आणि दर फेरीला आवाज मोठा नव्हे, लांब होत होता. एक तार संपायच्या आत दुसरी तिच्यात शिरत होती.

शेवटी जाड तार. नखाने थोडं पुढे. थोडं मागे. छेडली.

अलंकार म्हणणारी मुलं एकेक करून गप्प झाली. कोणी गप्प बसा म्हटलं नव्हतं. खोलीला तळ फुटला होता आणि त्यातून काहीतरी वर येत होतं. पार्थने जमिनीवर तळहात टेकून पाहिला.

निकिता छेडायची थांबली नाही. पण तिने मान वर केली, आधी पत्र्याकडे, मग दाराकडे बघितलं.

"मॅडम," ती हळू म्हणाली, "तारा चार हायेत. मंग हे पाचवं कोन गातंय?"

ग

ही तार तंबोऱ्याला नसते.

मॅडम तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. विचारलं, कुठं ऐकू येतंय. निकिताने खर्ज छेडली, तार विरत जाऊ दिली, आणि बोट वर केलं. आता. मॅडम म्हणाल्या, म्हणून दाखव. तिने तो सूर म्हटला. घोगरा, दुसऱ्या श्वासाला फाटलेला. पण जिथे लागायचा तिथेच लागला, आणि तिचा सूर कुठला, तंबोऱ्याचा कुठला, ते क्षणभर वेगळं करता येईना.

गंधार. कोणी न लावलेला. खर्जाच्या पोटातून आपोआप येणारा.

"मला हा ऐकू यायला नऊ वर्षं लागली," मॅडम म्हणाल्या. त्या मुलांना सांगत होत्या की वडिलांना, कळत नव्हतं. डोळे मिटलेले होते.

चार वाजता कडूबाई आली. हात ओले, पदराला पाकळ्या. दारातच तिने विचारलं, पोरगी ठेवायची का न्यायची. मॅडमनी तिला आत बसवलं. म्हणाल्या, ठेवायची, पण वर्षभर तिने दुकानावर एक हाकही मारायची नाही. फाटलेला घसा बरा व्हायला पाहिजे.

"मंग गिऱ्हाईक थांबंल कसं?"

"तुम्ही हाका मारा."

"मी? ह्या वयात?"

मॅडमनी निकिताला छेडायला सांगितलं. कडूबाई बराच वेळ ऐकत राहिली, एक कान तंबोऱ्याकडे करून, तोंड उघडं टाकून. निकिता दर फेरीला बोट वर करत होती. आता. आता.

"मला तर कायबी पाचवं ऐकू येईना," कडूबाई शेवटी म्हणाली. मग भाचीच्या तोंडाकडे बघत राहिली. "पर ही लबाड बोलत न्हाई कधी."

तिने खाकरून घसा साफ केला आणि उठली. मॅडमना विचारलं, वरडायच्या आधी गरम पानी प्यायचं का गार.