प्रोबला लावलेलं चंदन

त्रिचीच्या त्या बॉयलर कारखान्यात पूंगोडीने पास केल्याशिवाय वेल्डिंगचा एकही जोड पुढे सरकत नसे. जोडालगत खळ लावायची आणि तिच्यावरून तपासणी यंत्राचा हातात धरायचा प्रोब फिरवायचा. कानाला ऐकू न येणारा आवाज लोखंडात शिरे, आत भेग असली तर परते आणि यंत्राच्या पडद्यावरच्या रेषेत टोक उभं राही. लोखंडाला ओरखडाही न पडता त्याच्या पोटातलं कळे.

यंदा बॉयलरच्या मोठ्या ड्रमचा जोड तपासणी विभागाच्या सरांनी अरुळमोळीला तपासायला दिला. पूंगोडीनेच शिकवलेली पोर. अक्कांनी आता जरा आराम करावा, असं सर हसत म्हणाले आणि तो आराम पूंगोडीला झोंबला. पोरीच्या वेणीतल्या मोगऱ्याचा वासही तिला सोसेना.

खंडेनवमीच्या आयुधपूजेला यंत्रं देवीपुढे मांडली. सगळे यंत्राच्या पेटीवर टिळा लावतात. अरुळमोळीने भक्तिभावाने चंदन थेट प्रोबच्या तोंडालाच लावलं. वाळलं की आवाज अडणार, हे पूंगोडीला कळलं. ती हात जोडून गप्प उभी राहिली.

पूजा उतरवून काम सुरू झालं, तशी अरुळमोळीने ड्रमवर खडूने खूण केली. आत भेग आहे, जोड खोदून काढावा लागेल. वेल्डर सेल्वनायगम भडकला. ही काल आलेली पोर माझा जोड कापणार का, अक्कांना बोलवा, म्हणाला.

पूंगोडी याचीच वाट पाहत होती. तिने सगळ्यांदेखत प्रोब उलटा धरला. कडेला पिवळं चंदन चिकटलेलं होतं.

"आवाज अडला म्हणून हिने यंत्राचा जोर वाढवला असणार. मग पडद्यावरची नुसती खरखरही भेगेसारखी दिसते. टिळा कुठे लावायचा, तेवढं शिकवायचं राहिलं बघा माझं."

माणसं हसली. पोरीची मान खाली गेली.

पूंगोडीने आपला स्वच्छ प्रोब लावला. टोक उभं राहिलं, तिथेच. तिने ओल्या बोटाने जोडाच्या उंचवट्यावर टकटक केलं. आवाज या उंचवट्यावरूनच परतत असेल तर बोटाने टोक थरथरतं. हे थरथरलं नाही; भेग खरंच आत होती.

पडदा तिच्या एकटीकडे वळलेला होता. जोड चांगला आहे म्हटलं असतं तर कुणी पुन्हा पाहिलं नसतं. पण या ड्रमात वाफ कोंडणार होती, आणि त्याच्याजवळ माणसं उभी राहणार होती. तिने मनात मुरुगदेवाचं नाव घेतलं.

"कापा," ती म्हणाली. "बरोबर आहे तिचं."

"अक्का, तुम्ही पाहिलंत म्हणून जिवात जीव आला," म्हणत अरुळमोळी पाया पडायला वाकली.

"असू दे. हात खळीने भरलेत तुझे," म्हणत पूंगोडीने पाय मागे घेतले.

भेग किती खोल आहे, हे सर आता अरुळमोळीला विचारत होते. पूंगोडी आपला प्रोब पुसत राहिली. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.